जळालेल्या शहराचा प्रमुख, संघटनेचा पहिला अध्यक्ष : जॉन डॅमरेल यांचे प्रकरण

20 ऑक्टोबर 1873 रोजी अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांच्या अग्निशमन दलांचे प्रमुख बाल्टिमोर येथे जमले आणि त्यांनी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ फायर इंजिनिअर्स’ ही आपली संघटना उभी केली. दलाच्या प्रमुखाला त्या काळी चीफ इंजिनिअर म्हणत असत, म्हणून हे नाव. आज हीच संघटना ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ फायर चीफ्स’ म्हणून ओळखली जाते. तिचे पहिले अध्यक्ष म्हणून निवड झाली ती बॉस्टनच्या जॉन स्टॅनहोप डॅमरेल यांची. ही निवड सहजासहजी समजण्यासारखी नाही, कारण याच डॅमरेल यांच्या अखत्यारीतील शहराचा व्यापारी भाग जेमतेम अकरा महिन्यांपूर्वी, 9 आणि 10 नोव्हेंबर 1872 या दोन दिवसांत, बेचिराख झाला होता. सुमारे 65 एकरांचा पट्टा, 776 इमारती आणि साडेसात कोटी डॉलरच्या घरातले नुकसान, असा त्या आगीचा हिशेब आहे.

ज्याच्या कारभाराची स्वतःच्या शहरात जाहीर चौकशी झाली, त्यालाच समव्यावसायिकांनी पुढारपण का दिले, आणि त्या पुढारपणातून प्रत्यक्षात काय साधले, हे दोन प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. अग्निशमन अधिकाऱ्यांच्या कोणत्याही व्यावसायिक संघटनेच्या कार्यकारिणीसाठी उभे राहू इच्छिणाऱ्याने ते स्वतःला विचारून पाहण्यासारखे आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. डॅमरेल यांच्या पाठीशी यशस्वी कामगिरी नव्हती; पाठीशी होती ती आगीपूर्वी त्यांनी वारंवार केलेल्या आणि वारंवार नाकारल्या गेलेल्या मागण्यांची नोंद. अध्यक्षपदाने त्या नोंदीला देशव्यापी आवाज मिळवून दिला. तिची अंमलबजावणी करण्याचा अधिकार मात्र त्या पदात नव्हता, आणि आजही नाही.

मागण्या आणि नकार

डॅमरेल यांचा जन्म 1828 सालचा. ते बांधकाम व्यवसायातले, आणि स्वयंसेवकांच्या बंबाबरोबर धावणाऱ्या तरुणांपैकी एक म्हणून अग्निशमनात आलेले. 1866 मध्ये ते बॉस्टनचे चीफ इंजिनिअर झाले. या पदाची एक अडचण अशी होती की नगर परिषद दर वर्षी प्रमुखाची नव्याने निवड करीत असे. दलाचा खर्च मंजूर करणारे हात आणि प्रमुखाला पदावर ठेवणारे हात एकच होते. त्यात भर म्हणजे शहराच्या सुरक्षिततेशी संबंधित निम्म्याहून अधिक गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर होत्या. जलवाहिन्या आणि हायड्रंट (बंबांना पाणी देणारे रस्त्याकडेचे नळ) हे शहराला पाणी पुरवणाऱ्या कोचिच्युएट जल मंडळाकडे, इमारतींचे नियम दुसऱ्याच खात्याकडे, आणि गॅसची नळजोडणी खासगी कंपन्यांकडे. आग लागली की जाब विचारला जाणार तो मात्र प्रमुखाला.

समर स्ट्रीट आणि आसपासचा भाग पूर्वी राहत्या घरांचा होता. काही दशकांत तेथे कापड, लोकर आणि चामड्याच्या व्यापाऱ्यांच्या चार-पाच मजली वखारी उभ्या राहिल्या. दर्शनी भाग ग्रॅनाइटचा आणि वर लाकडी मॅन्सर्ड छप्पर, म्हणजे आत जवळजवळ एक मजला मावेल असे उभट उताराचे छप्पर, अशी त्या काळची फॅशन होती. दगडी दर्शनामुळे इमारत आगीला दाद देणार नाही असा समज होता; वस्तुतः छपराखालच्या लाकडी पोकळीत माल ठासून भरलेला असे आणि अरुंद रस्त्याच्या एका बाजूचे छप्पर पेटले की समोरच्या बाजूचे पेटायला वेळ लागत नसे. वाफेवर चालणाऱ्या पंपांचा झोत त्या उंचीपर्यंत पोहोचणे मुळातच अवघड होते, आणि जमिनीखालच्या जलवाहिन्या राहत्या घरांच्या काळातल्याच, म्हणजे लहान व्यासाच्या आणि गंजाने आतून आणखी आकसलेल्या होत्या. विम्याचा प्रकार तर विलक्षणच होता. इमारत आणि माल यांचा पुरेपूर विमा सहज मिळत असल्याने मालकाला छप्पर बदलण्याचे काही कारणच उरले नव्हते.

या सगळ्याची जाणीव डॅमरेल यांना होती. मोठ्या वाहिन्या घाला, अधिक पाणी देणारे नव्या पद्धतीचे हायड्रंट बसवा, ही मागणी त्यांनी आगीपूर्वीच्या वर्षांत पुन्हा पुन्हा केली. ऑक्टोबर 1871 मध्ये शिकागो जळाले. सुमारे 300 माणसे गेली, एक लाख बेघर झाली. त्यानंतर डॅमरेल स्वतः शिकागोला जाऊन ते अवशेष पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी हाच विषय पुन्हा मांडला. परिषदेच्या दृष्टीने हा खाते फुगवण्याचा प्रयत्न होता. कुठल्याही नगरपालिकेत काम केलेल्या माणसाला हा संवाद नवा वाटणार नाही.

9 नोव्हेंबरची वर्दी

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास समर स्ट्रीट आणि किंग्स्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील एका वखारीच्या तळघरात आग लागली. तळघरातून ती माल वर नेण्याच्या उद्वाहकाच्या मोकळ्या खोबणीवाटे सरळ छपरापर्यंत चढली. बॉस्टनमध्ये विजेच्या तारेने वर्दी देणाऱ्या पेट्या होत्या, पण खोट्या वर्दीच्या भीतीने त्या कुलूपबंद ठेवल्या जात आणि किल्ल्या पोलिसांकडे आणि ठरावीक नागरिकांकडे असत. लोक ज्वाळा पाहत उभे होते, पण वर्दी देऊ शकत नव्हते. शेवटी 52 क्रमांकाच्या पेटीवरून पहिली वर्दी नोंदली गेली ती 7 वाजून 24 मिनिटांनी. नदीपलीकडच्या चार्ल्सटाउनमधील जवानांनी तोवर आकाशातला उजेड पाहिला होता.

त्या पंधरवड्यात आणखी एक संकट होते. उत्तर अमेरिकेत घोड्यांमध्ये इन्फ्लुएंझाची साथ पसरली होती आणि बंब ओढणारे घोडे आजारी होते. डॅमरेल यांनी आगीपूर्वीच आपल्या अधिकाऱ्यांना बोलावून जादा माणसे घेतली, बंबांना दोर लावले आणि माणसांनी ते ओढून न्यायचे असे ठरवले. ‘घोडे आजारी होते म्हणून बॉस्टन जळाले’ ही हकीकत पुढे इतकी लोकप्रिय झाली की आजही ती सांगितली जाते. चौकशीत मात्र असे दिसून आले की या कारणाने झालेला उशीर काही मिनिटांचाच होता. पूर्वतयारी केली होती म्हणूनच तो मिनिटांवर राहिला. ज्या गोष्टीसाठी प्रमुखाचे नाव व्हायला हवे, तीच गोष्ट दंतकथेत त्याच्या अपयशाचे कारण होऊन बसते, असे या पेशात नेहमी घडते.

खरी गाडी अडली ती पाण्यावर. एकामागून एक पंप त्याच अरुंद वाहिन्यांवर जोडले गेले तसा दाब उतरत गेला. झोत तिसऱ्या मजल्याच्या पुढे जाईनासे झाले, तापलेले ग्रॅनाइट तडकून रस्त्यावर कोसळू लागले, आणि गॅस वेळेत बंद न झाल्याने स्फोट होत राहिले. मदतीसाठी तारा गेल्या आणि न्यू इंग्लंडमधील शहरांतून बंब आगगाडीने येऊ लागले, पण अनेक बंबांच्या होजचे, म्हणजे पाण्याच्या लवचीक नळीचे, कपलिंग (टोकाची आट्यांची जोडकडी) बॉस्टनच्या हायड्रंटला बसत नव्हते. प्रत्येक शहराने आपापल्या आट्यांचे माप ठरवलेले होते. बंब आहे, पाणी आहे, माणसे आहेत, आणि पितळेच्या दोन कड्या एकमेकींत फिरत नाहीत, असा तो पेच होता. जे जुळले त्यांनी काम केले. न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथहून आलेल्या ‘किअरसार्ज’ या बंबाने ओल्ड साउथ मीटिंग हाउस ही ऐतिहासिक वास्तू वाचवली.

या सगळ्यात डॅमरेल यांच्यावर आणखी एक दडपण आले. शहरातील वजनदार मंडळी, त्यांत पोस्टमास्तर विल्यम बर्ट हे प्रमुख, वाटेतल्या इमारती स्फोटक दारूने उडवून आगीला खंड पाडावा असा आग्रह धरू लागली. डॅमरेल यांचा याला विरोध होता, पण शेवटी त्यांनी परवानगी दिली. नवशिक्यांच्या हातून झालेल्या या स्फोटांनी आग थांबली तर नाहीच. खिडक्या फुटून, जळते तुकडे उडून ती काही ठिकाणी पसरायला मदतच झाली, आणि पुढे डॅमरेल यांनी हा प्रकार बंद करवला. आग आटोक्यात येईपर्यंत रविवारची दुपार उजाडली होती.

चौकशी

शहराने चौकशी आयोग नेमला. वाहिन्यांचा व्यास, छपरे, वर्दीची पेटी, घोडे, स्फोटके, आदेशांची साखळी अशा प्रत्येक बाबीवर साक्षी झाल्या आणि त्या छापून प्रसिद्ध झाल्या. स्फोटकांचा वापर आणि आदेशांतला विस्कळीतपणा यांवरून डॅमरेल यांच्यावर टीका झाली. ती सर्वस्वी अन्याय्य होती असे मला वाटत नाही. परवानगी द्यायची नव्हती तर ठामपणे नाकारायला हवी होती, आणि द्यायचीच होती तर ती दलाच्या माणसांच्या हाती ठेवायला हवी होती. परंतु याच साक्षींतून दुसरी गोष्टही सर्वांसमोर आली. ज्या उणिवांमुळे आग फोफावली त्यांपैकी बहुतेक उणिवा प्रमुखाने आधीच दाखवून दिल्या होत्या, आणि ते कागदावर होते.

1873 मध्ये बॉस्टनच्या अग्निशमन दलाचा कारभार तीन आयुक्तांच्या मंडळाकडे सोपवण्यात आला. म्हणजे बाल्टिमोरच्या बैठकीच्या वेळी डॅमरेल यांचे शहरातले आसन डळमळीत झालेले होते, आणि हे तिथे जमलेल्यांना माहीत नसेल असे मानायला जागा नाही.

बाल्टिमोर

तरीही त्यांनी डॅमरेल यांनाच निवडले. यामागे सहानुभूती असू शकेल, पण केवळ सहानुभूतीने नव्या संघटनेचा अध्यक्ष कोणी करीत नाही. जमलेला प्रत्येक जण आपापल्या शहरात डॅमरेल यांच्याच जागी उभा होता. पाणी दुसऱ्याचे, इमारती तिसऱ्याच्या, पैसा परिषदेचा आणि जबाबदारी आपली, हीच सगळ्यांची स्थिती होती. बॉस्टनच्या छापील साक्षींमुळे हे प्रथमच इतक्या तपशिलाने चव्हाट्यावर आले. ज्याच्या तोंडून हे प्रकरण सर्वाधिक अधिकाराने मांडले जाईल असा माणूस त्यांच्यापुढे होता. शहराच्या दृष्टीने हरलेला प्रमुख हा समव्यावसायिकांच्या दृष्टीने उत्तम साक्षीदार होता, असे मी या निवडीचे स्पष्टीकरण देईन.

बैठकीत संमत झालेल्या भूमिकांवर नजर टाकली की हे अधिक पटते. बाहेरच्या भिंतींमध्ये ज्वलनशील सामग्रीचा वापर मर्यादित असावा, इमारतींच्या अवास्तव उंचीला आळा बसावा, ज्वलनशील छपरांवर बंधन यावे, धोक्याचे भाग अग्निरोधक भिंतींनी अलग करावेत, चाळवजा इमारतींना बाहेरून सुटकेचे जिने असावेत आणि आगींच्या कारणांचा तपास व्हावा. आग विझवण्याच्या साधनांपेक्षा आग वाढू न देणाऱ्या बांधकामावर इथे भर आहे. बांधकाम व्यवसायातून आलेल्या अध्यक्षाची आणि समर स्ट्रीटच्या मॅन्सर्ड छपरांची छाया त्यावर स्पष्ट दिसते. होजच्या कपलिंगला एकच माप असावे हा विषयही संघटनेने त्या पहिल्या काळापासूनच हाती घेतला होता.

कपलिंगचा पुढचा प्रवास

ठराव करणे आणि तो अमलात येणे यांत किती अंतर असते हे पाहायचे तर कपलिंगच्या प्रश्नाइतके चांगले उदाहरण नाही. त्यात मतभेदाला जागा नव्हती. एकसारखे माप असू नये असे कोणीही म्हणत नव्हते. पण प्रत्येक शहराच्या हायड्रंटवर आणि होजवर आधीच खर्च झालेला होता, आणि तो बदलायचा तर फायदा प्रामुख्याने शेजारच्या शहराला, तोही कधी काळी मोठी आग लागली तर. अशा खर्चाला परिषदेत मत मिळत नाही.

7 फेब्रुवारी 1904 रोजी बाल्टिमोर पेटले. होय, तेच बाल्टिमोर. वॉशिंग्टनचे बंब काही तासांत आगगाडीने येऊन पोहोचले आणि त्यांचे कपलिंग हायड्रंटला बसेना; त्यापाठोपाठ आलेल्या इतर शहरांच्या दलांपुढेही हीच अडचण उभी राहिली. तीस तासांहून अधिक काळ चाललेल्या या आगीत 1500 हून अधिक इमारती गेल्या. त्यानंतर सरकारी तपासात देशभरात कपलिंगचे 600 हून अधिक प्रकार वापरात असल्याचे आढळले. 1905 मध्ये राष्ट्रीय मानक आले. अडीच इंची जोडणीसाठी दर इंचाला साडेसात आटे असे माप त्यात ठरले. हे माप चतुराईने निवडलेले होते, कारण तेव्हा अनेक शहरांत सात किंवा आठ आटे होते आणि दोन्ही प्रकारची जुनी कपलिंगे थोड्या फेरफाराने साडेसातशी जुळवून घेता येत होती. डॅमरेल यांचे निधनही 1905 सालचेच.

मानक आले, सक्ती आली नाही. ऑक्टोबर 1991 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर आग भडकली तेव्हा ओकलंडच्या हायड्रंटची तोंडे तीन इंची होती आणि मदतीला आलेल्या बहुतेक दलांची होज अडीच इंची. 2004 मध्ये, बाल्टिमोरच्या आगीला शंभर वर्षे झाल्यावर, अमेरिकेतील सर्वांत मोठ्या 48 शहरांची पाहणी झाली. राष्ट्रीय मानकाचे हायड्रंट त्यांपैकी फक्त 18 शहरांत होते. मराठी वाचकाला यातली मेख वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय बांधकाम संहिता स्वतःहून कोणालाच बांधत नाही. राज्याच्या कायद्यात किंवा शहराच्या विकास नियमावलीत तिच्या तरतुदी उतरल्या तरच ती चालते. महाराष्ट्राला त्यासाठी 2006 चा आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम करावा लागला.

पद गेले, काम राहिले

संघटनेचे अध्यक्षपद डॅमरेल यांची बॉस्टनमधील नोकरी वाचवू शकले नाही. 1874 मध्ये ते अग्निशमन दलातून बाहेर पडले. समव्यावसायिकांनी दिलेला मान आणि नियोक्त्याने दिलेली खुर्ची या दोन वेगळ्या चीजा आहेत, आणि पहिल्या गोष्टीने दुसरी टिकते अशी समजूत करून घेणाऱ्या उमेदवाराने हे साल लक्षात ठेवावे.

मात्र 1877 मध्ये बॉस्टनने त्यांना परत बोलावले ते इमारत खात्याचे प्रमुख म्हणून, आणि या खात्यात ते सुमारे पाव शतक राहिले. मला या प्रकरणाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाल्टिमोरच्या बैठकीने छपरे, उंची, भिंती आणि सुटकेचे जिने यांविषयी जे म्हटले होते ते संघटनेच्या अध्यक्षाला कोणत्याही शहरावर लादता येत नव्हते. इमारत खात्याच्या प्रमुखाला निदान आपल्या शहरापुरती तपासणी करण्याचा आणि नियमबाह्य बांधकाम अडवण्याचा अधिकार होता. संघटनेत त्यांनी जे मांडले, ते राबवण्याची जागा त्यांना अग्निशमन दलात मिळाली नाही. ती मिळाली नकाशे आणि परवाने हाताळणाऱ्या कचेरीत.

आजच्या उमेदवारापुढची स्थिती

आज या संघटनेच्या संचालक मंडळात अध्यक्ष, पहिले आणि दुसरे उपाध्यक्ष, खजिनदार, तसेच भौगोलिक विभागांचे आणि विषयवार शाखांचे प्रतिनिधी असतात. महानगरांचे प्रमुख, स्वयंसेवी दलांचे अधिकारी, वैद्यकीय आपत्कालीन सेवा अशा शाखांना आपापला आवाज असतो. सर्वोच्च पदाची निवडणूक एका अर्थाने शिडीच्या तळाशी होते. सभासद दुसरा उपाध्यक्ष निवडतात आणि तोच पुढे पहिला उपाध्यक्ष आणि मग अध्यक्ष होतो. म्हणून दुसऱ्या उपाध्यक्षपदासाठी मत मागणारा माणूस खरे तर काही वर्षांनंतरच्या अध्यक्षपदासाठी मत मागत असतो.

या रचनेचा फायदा असा की अध्यक्ष होईपर्यंत माणूस कामात मुरलेला असतो. तोटा डॅमरेल यांच्या प्रकरणात आधीच दिसलेला आहे. मधल्या काळात शहराचा महापौर बदलला, प्रशासकाशी बिनसले किंवा एखाद्या मोठ्या आगीनंतर चौकशी लागली, तर शिडी चढणाऱ्याच्या पायाखालची नोकरीच जाऊ शकते. त्यामुळे उमेदवाराने सर्वप्रथम आपल्या शहराकडून प्रवासाची, रजेची आणि परगावच्या सभांसाठी लागणाऱ्या वेळेची स्पष्ट, लेखी संमती घ्यावी. अनुपस्थितीत दलाची सूत्रे कोणाकडे राहतील हेही त्याच कागदात नमूद असावे. घरी आग लागलेली असताना प्रमुख संघटनेच्या व्यासपीठावर होता, हे वाक्य कोणत्याही चौकशीत वाचायला वाईटच दिसते.

निवेदनाच्या बाबतीत मी अधिक आग्रही राहीन. बहुतेक उमेदवार आपल्या निवेदनात सेवेची वर्षे, पदके, प्रशिक्षण आणि मोठ्या घटनांतील नेतृत्व यांची यादी देतात. मतदार स्वतः प्रमुख असतात. तशी यादी प्रत्येकाजवळ असते. त्याऐवजी उमेदवाराने आपल्या शहराकडे कोणती मागणी केली, ती कोणत्या कारणाने फेटाळली गेली, पुन्हा कशी मांडली आणि त्यातली कोणती शेवटी नियमात उतरली, हे सांगितले तर मतदाराला त्यात स्वतःची फाइल दिसेल. 1873 च्या मतदारांना डॅमरेल यांच्याबाबत हे सगळे छापील साक्षींमधून आयते मिळाले होते. आजच्या उमेदवाराने ते आग लागायच्या आधी, आपल्या हाताने, तारखांसह आणि जावक क्रमांकांसह मांडायचे असते.